सातबारा, कोयता आणि कुटुंबप्रमुख

स्त्री-पुरुष समतेचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा लवकरच ‘मानसिकता बदलायला हवी’ या वाक्यापाशी येऊन थांबते. वाक्य खोटे नाही, पण त्यातून कोणावरच कसली जबाबदारी येत नाही. ही मानसिकता कुठे तयार होते, रोज तिला खतपाणी कोण घालते, हे प्रश्न तसेच राहतात. या लेखात मला वेगळ्या जागी बोट ठेवायचे आहे. महाराष्ट्रातील जमिनीची नोंद, सहकारी सोसायटीचे सभासदत्व, ऊसतोडीची उचल, रोजगार हमीचे कार्ड, वारसाचा कायदा, प्रसूतीची रजा, सरपंचाची पात्रता या वरवर एकमेकींशी संबंध नसलेल्या व्यवस्था आहेत. तरी त्या सगळ्या एकाच गृहीतकावर उभ्या आहेत. ते असे की समाज मोजायचा तो घरांनी, आणि घराच्या वतीने बोलणार पुरुष. हे गृहीतक अर्जाच्या रकान्यात, मजुरीच्या दरपत्रकात आणि कायद्याच्या पोटकलमांत जाऊन बसले आहे. त्यामुळे एखाद्या घरातला पुरुष कितीही समंजस असला तरी ते आपले काम करत राहते. संस्थांनी उभे केलेले अडथळे इथून सुरू होतात असे माझे म्हणणे आहे. आणि जिथे जिथे मोजण्याचे हे एकक बदलले, तिथे मानसिकताही मागोमाग हलली, याचा पुरावाही आपल्याजवळ आहे.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते, कारण ग्रामीण भागात कर्ज, विमा, अनुदान, नुकसानभरपाई हे सगळे सातबाऱ्यावरून ठरते. २०२३-२४च्या श्रमशक्ती पाहणीनुसार देशातील ग्रामीण भागात काम करणाऱ्या स्त्रियांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक शेतीत आहेत. पण २०१५-१६च्या कृषी गणनेत स्त्रियांच्या नावावरची वहिवाट खाती अवघी १४ टक्के होती, आणि क्षेत्र १२ टक्क्यांच्याही आत. कायदा मात्र मागे राहिलेला नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, म्हणजे केंद्राच्या २००५च्या दुरुस्तीच्या अकरा वर्षे आधी. हा हक्क मिळण्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. त्याही आधी, नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या चांदवडच्या महिला अधिवेशनाने स्त्रियांच्या मालमत्तेचा प्रश्न लाखोंच्या मेळाव्यात मांडला आणि शरद जोशींनी त्यातून लक्ष्मीमुक्तीची मोहीम उभी केली. ज्या गावात शंभर शेतकरी आपली काही जमीन बायकोच्या नावे करतील ते गाव लक्ष्मीमुक्त, अशी ती कल्पना होती. शेतकरी पुरुषांनी स्वतःहून जमीन लिहून दिल्याची अशी उदाहरणे जगात फार नसतील, आणि या मोहिमेचे मोल कमी लेखता येणार नाही. पण सरकारने तिला धोरणाचे रूप दिले तेव्हा कळीचा भाग तसाच ठेवला. पत्नीचे नाव उताऱ्यावर लागणार ते नवऱ्याने अर्ज केला तर. त्याने केला नाही, तर तलाठ्याला विचारण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे तेच शेत कसणारीचे नाव त्यावर असण्यासाठी दुसऱ्या कोणाची तरी सदिच्छा लागते, हा नियमाचा दोष आहे. नवऱ्याच्या स्वभावाकडे बोट दाखवून तो झाकता येणार नाही.

माहेरच्या जमिनीचे याहून अवघड आहे, कारण तिथे बहिणीला बाहेर काढण्याची वाटही कायदेशीर आहे. वडील गेले की वारसनोंद होते, फेरफारावर बहिणींची नावे चढतात आणि पाठोपाठ हक्कसोडपत्र तयार होते. त्याला मुद्रांक शुल्क नाममात्र. जमीन विकत घेताना हजारो-लाखो रुपये शुल्क भरणाऱ्या राज्यात बहिणीचा हिस्सा काही शे रुपयांच्या मुद्रांकावर भावाकडे जातो. यावरचा नेहमीचा आक्षेप असा की, बहिणी खुशीने सही करतात, त्यात कायद्याचा काय दोष? आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा, कारण बहुतेक ठिकाणी जबरदस्ती खरोखरच दिसत नाही. पण ही खुशी कशातून येते ते पाहिले पाहिजे. सासरी बिनसले, नवरा गेला, आजारपण आले, तर परतायला जागा एकच असते, ती म्हणजे माहेर. राज्याने दुसरा भरवशाचा आधार उभा केलेला नाही. अशा वेळी हिस्सा मागणे म्हणजे तो एकमेव आधार पणाला लावणे. बहीण हिशेब करते आणि जमीन सोडून नाते राखते. तिच्या जागी कोणीही शहाणा माणूस हेच करील. ज्या व्यवहारात एका बाजूला पर्याय नाही, त्याला निव्वळ राजीखुशी म्हणणे न्यायाचे नाही. दुसरा आक्षेप तुकडेकरणाचा. राज्यात सरासरी धारणा आता दीड हेक्टरच्याही खाली आली आहे हे खरे. पण ती इतकी खाली आली भावाभावांच्या वाटण्यांनी. दोन भावांत तीन एकर विभागताना तुकडेकरणाची चिंता कोणी वाहत नाही आणि बहिणीचे नाव निघताच ती आठवते, तेव्हा अडचण जमिनीच्या आकाराची उरत नाही. सामाईक मालकी ठेवून एकत्र वहिवाट करता येते, भाऊ तसे करतातच. वारसनोंदीनंतर निदान काही वर्षे हक्कसोडपत्र नोंदवूच नये, एवढा नियम केला तरी दुःखाच्या दिवसांत उरकली जाणारी सही टळेल.

मालकी देतानाही राज्याची नजर कशी असते याचे एक लहान उदाहरण घेण्यासारखे आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्राने घर खरेदी करणाऱ्या स्त्रियांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली. निर्णय चांगला होता, पण सोबत अट घातली की ते घर पंधरा वर्षे पुरुषाला विकता येणार नाही. हेतू कदाचित सवलतीचा गैरवापर रोखण्याचा असेल. परिणाम असा झाला की पुरुषाला जे घर दुसऱ्याच दिवशी कोणालाही विकता येते, ते स्त्रीच्या हातात अर्धीमुर्धी मालमत्ता बनले. ही अट २०२३ मध्ये काढली गेली. मालक म्हणजे निर्णय घेणारी व्यक्ती, हे मान्य व्हायला दोन वर्षे गेली.

आता सातबाऱ्यावरून सहकारात या. विविध कार्यकारी सोसायटीचा कर्जदार सभासद व्हायचे तर जमीन लागते, साखर कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद व्हायचे तरीही लागते. सभासद तोच मतदार, मतदार तोच उमेदवार. सोसायटीतून जिल्हा बँक, बाजार समिती, कारखाना अशी महाराष्ट्राच्या ग्रामीण सत्तेची चढण आहे आणि तिची पहिली पायरी उतारा आहे. सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीनंतर सहकारी संस्थांच्या संचालक मंडळात दोन जागा स्त्रियांसाठी ठेवल्या गेल्या. पण सभासदांच्या यादीतच स्त्रिया मूठभर असतील तर त्या दोन जागा बहुधा मोठ्या घरातल्या, घराने ठरवलेल्या नावांनी भरणार. वर राखीव जागा आणि खाली बंद यादी, अशी ही रचना आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या सहकाराचा जो अभिमान आपण बाळगतो, त्यात शेतकरी स्त्री भागधारक म्हणून किती आणि कष्टकरी म्हणून किती, हा प्रश्न सहकाराच्या इतिहासकारांनी फारसा विचारलेला नाही. तो विचारायला हवा.

त्याच कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला ऊसतोड आहे, आणि घर हे एकक मानण्याचे सर्वांत उघडे, सर्वांत क्रूर रूप तिथे दिसते. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, नाशिक अशा जिल्ह्यांतून दरवर्षी लाखो माणसे हंगामाला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. इथे मजुराची गणती माणशी होत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली जाते ती जोडीवर, फिटते जोडीच्या कामावर, आणि हिशेब होतो पुरुषाशी. बाई पहाटे कोपीत स्वयंपाक उरकून फडात येते, ऊस साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते, रात्री पुन्हा चूल पेटवते. या कामाचा तिच्या नावे कागद नाही. कारखान्याच्या लेखी ती कंत्राटदाराची मजूर, कंत्राटदाराच्या लेखी नवऱ्याचा अर्धा भाग. एकक जोडीचे असल्यामुळे तिच्या एका दिवसाच्या आजारपणाने दोघांचा खाडा पडतो आणि दंड उचलीत मिळवला जातो. पाळीच्या दिवसांत फडावर ना आडोसा, ना पाणी, ना सुट्टी. २०१९ मध्ये बीडमधील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यात पैशाला चटावलेल्या डॉक्टरांचा दोष आहेच. पण खाड्याचा हिशेब जोडीवर नसता, तिच्या नावाची हजेरी आणि तिच्या नावाची वैद्यकीय रजा असती, तर निरोगी वाटणारे अवयव काढून टाकण्यापर्यंत इतक्या बायका आल्या असत्या का? मला तसे वाटत नाही. एककाचा आणखी एक परिणाम बालविवाहात दिसतो. जोडी झाली की पूर्ण कोयता होतो, उचल वाढते, आणि मागे गावात मुलीला एकटी ठेवण्याची चिंताही मिटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत अठराच्या आत लग्न झालेल्या तरुण स्त्रियांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होते, बीडमध्ये ४० टक्क्यांच्या वर. याला अज्ञान म्हणून मोकळे होता येणार नाही, कारण उचलीची पद्धतच या लग्नांना पैसे मोजते.

वेगळे एकक शक्य आहे काय, असे कोणी विचारले तर उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. बाहत्तरच्या दुष्काळातून आकाराला आलेल्या आणि वि. स. पागे यांच्या चिकाटीने उभ्या राहिलेल्या रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. तिचा हक्क प्रौढ व्यक्तीचा होता. घरातल्या नवऱ्याने काम मागितले म्हणून बायकोचा हक्क संपत नव्हता, सासू आणि सून दोघी आपापल्या नावाने काम मागू शकत होत्या. हमीच्या कामांवर स्त्रियांची जी दाटी होई, तिच्यामागे हे कारण होते: घराजवळचे काम, माणशी नोंद. २००५चा केंद्रीय रोजगार हमी कायदा अनेक अर्थांनी मोठे पाऊल होता. मजुरी व्यक्तीच्या खात्यात आणि निदान एक तृतीयांश स्त्रिया या त्यातल्या तरतुदी महत्त्वाच्या ठरल्या. पण शंभर दिवसांची हमी त्याने कुटुंबाला दिली. एकाच चुलीवरच्या तीन बायकांना ते दिवस आपसांत आणि पुरुषांशी वाटून घ्यावे लागले. महाराष्ट्राने जे १९७७ मध्ये ओळखले होते, ते देशाच्या कायद्यात अर्धेच उतरले.

घरप्रमुख जिवंत आणि धडधाकट असेतो या रचनेतला अन्याय झाकलेला राहतो. तो मेला की उघडा पडतो. शेतकरी आत्महत्यांच्या प्रदेशात हे रोज घडते. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातील पाचशेहून अधिक आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील विधवांची पाहणी केली. त्यांतल्या ४० टक्के स्त्रियांना त्या कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता आणि घर नावावर झालेल्या ३५ टक्केच होत्या. कर्ज मात्र घराच्या नावाने मागे लागते. आणि शेतीत राबणाऱ्या स्त्रीनेच जीव दिला, तर उतारा तिच्या नावाचा नसल्याने ती शेतकरी ठरणेच कठीण. बहुतेक वेळा नोंद गृहिणी म्हणून होते. पीएम किसानची रक्कम जमीनधारक कुटुंबाला मिळते, म्हणजे व्यवहारात उताऱ्यावरच्या नावाला. अलीकडची लाडकी बहीण योजना या बाबतीत निम्मी वाट चालून आली आहे. दरमहा दीड हजार रुपये स्त्रीच्या स्वतःच्या खात्यात जातात, हा बदल मी मोलाचा मानतो. ज्या हातांना कधी स्वतःचा पैसा ठाऊक नव्हता त्यांना तो मिळाला. पण पात्रता पुन्हा घरावरून ठरते. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे, कुटुंबात चारचाकी नको, आणि अविवाहित स्त्री कुटुंबातली एकच. दारात नवऱ्याची गाडी आहे म्हणून बायकोच्या हातात पैसा आहे, असे या अटी धरून चालतात. तो असतोच असे नाही, हे अर्ज तपासणारालाही ठाऊक असते.

कुटुंबविषयक कायद्यांत हे गृहीतक सर्वांत जुने आणि सर्वांत घट्ट आहे. हिंदू वारसा कायद्याचे पंधरावे कलम वाचावे. स्त्री मृत्युपत्र न करता वारली आणि तिला नवरा-मुले नसतील, तर तिने स्वतः कमावलेली मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर. पुरुषाच्या बाबतीत सासुरवाडीचा क्रम यादीत कुठेच येत नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अशा एका स्त्रीचे प्रकरण आले. लग्नानंतर काही महिन्यांतच ती विधवा झाली, सासरच्यांनी घराबाहेर काढले, माहेरी राहून ती शिकली, नोकरीला लागली आणि तिने पुंजी साठवली. तिच्या मृत्यूनंतर आईने त्या पैशावर हक्क सांगितला. न्यायालयाने सहानुभूती व्यक्त केली, पण कलम स्पष्ट असल्याने मालमत्ता नवऱ्याच्या नातेवाइकांना दिली. पालकत्वाच्या कायद्यात वडील नैसर्गिक पालक आणि ‘त्यांच्यानंतर’ आई. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात न्यायालयाने याचा अर्थ वडिलांच्या गैरहजेरीतही असा रुंद केला, पण शब्द पुस्तकात तसेच आहेत. नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना ज्या वैवाहिक हक्काच्या दाव्याविरुद्ध १८८०च्या दशकात मुंबईच्या न्यायालयांत झगडावे लागले, तो दावा हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात जिवंत आहे. नव्या भारतीय न्याय संहितेनेही पत्नीवरील बलात्काराचा अपवाद कायम ठेवला. या सगळ्यांमागचा विचार एकच: लग्न झाले की स्त्रीची इच्छा घराच्या इच्छेत मिसळते.

रोजगाराच्या बाजारात घर थेट दिसत नाही, पण त्याची सावली कामाच्या वेळापत्रकावर पडते. २०१९च्या वेळ-वापर पाहणीत स्त्रिया रोज सरासरी २९९ मिनिटे बिनपगारी घरकामाला देत होत्या, पुरुष ९७ मिनिटे. २०२४च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ आले. पाच वर्षांत दोन्ही कमी झाले आणि दरी जवळजवळ तेवढीच राहिली. याच काळात स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २०१७-१८च्या २३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये जवळपास ४२ टक्क्यांवर गेल्याचे सांगितले जाते. आकडा खरा आहे, पण त्या वर्षी काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदतनीस होत्या. म्हणजे मोजणीत आल्या, हातात काही आले नाही. प्रसूतीच्या रजेची कहाणी यापेक्षा बोधक आहे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूतीलाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा असे सांगितले होते, कारण मातेची विश्रांती हे साऱ्या राष्ट्राचे हित आहे. १९२९चा मुंबईचा कायदा झाला, पण भार मालकावर राहिला. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचातली एक कामगार स्त्री होती. पुढच्या दशकांत हे प्रमाण घसरत गेले. त्याला नवी यंत्रे, रात्रपाळीवरची बंदी अशी इतरही कारणे होती, तरी मालकाला स्त्री महाग वाटू लागली हेही त्यात होते. २०१७ मध्ये रजा सव्वीस आठवड्यांची झाली, आणि कर्मचारी राज्य विमा योजनेबाहेरच्या आस्थापनांत तिचा सगळा पगार पुन्हा एकट्या मालकावर टाकला गेला. खाजगी क्षेत्रात वडिलांच्या रजेचा कायदा आजही नाही. मूल दोघांचे, रजा एकीची, खर्च मालकाचा, आणि लाभ समाजाचा: अशी वाटणी केल्यावर तरुण मुलींना नोकरी देताना मालक कचरतात याचे नवल वाटू नये. आंबेडकरांनी दाखवलेली वाट जवळजवळ शंभर वर्षे रिकामी आहे. आणि सरकार स्वतः मालक असते तिथे काय करते? आशा आणि अंगणवाडी सेविकांना ते कर्मचारी म्हणायला तयार नाही. त्यांना पगाराऐवजी मानधन मिळते, जणू बायकांनी दुसऱ्यांची मुले आणि आजारी माणसे सांभाळणे हा घरकामाचाच विस्तार आहे. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायला २०२२चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा कागदावर भक्कम आहे. दहा वर्षांनी गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाला देशभरच्या संस्थांत समित्याच नीट नाहीत, अशी खंत नोंदवावी लागली.

राजकारणात तरी एकक बदलले आहे का? पंचायतीत बदलले, आणि म्हणून पुरावाही तिथेच आहे. महाराष्ट्राने त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीच्या आधीच स्त्रियांना तीस टक्के जागा दिल्या आणि २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. सरपंचपतींची थट्टा करून या बदलाला पोकळ ठरवणारे पुष्कळ आहेत. नवरा खुर्चीवर बसतो हे अनेक गावांत खरे आहे. पण संशोधन काय सांगते ते पाहावे. राघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो यांच्या २००४च्या अभ्यासात, पश्चिम बंगाल आणि राजस्थानात स्त्री-प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च केल्याचे दिसले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, बंगालमधील ज्या गावांत प्रधानपद दोनदा स्त्रीसाठी राखीव होते, तिथे मुलींच्या भविष्याविषयी आईवडिलांच्या अपेक्षा वाढल्या आणि किशोरवयीन मुलामुलींच्या शिक्षणातली तफावत मिटली. नियम आधी बदलला, मन नंतर बदलले. मानसिकता बदलल्याशिवाय कायद्याचा उपयोग नाही, या दाव्याला याहून सरळ उत्तर मला माहीत नाही. तरीही घराचे एकक मागच्या दाराने परत येते. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावच्या सरपंच बाईंना अपात्र ठरवले गेले, कारण त्या सासूसोबत सरकारी जमिनीवरच्या घरात राहतात अशी तक्रार होती. त्या नवरा-मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतात असे सांगत होत्या. सासरच्या कथित अतिक्रमणाची शिक्षा निवडून आलेल्या सुनेला! सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिले आणि स्त्री सरपंच गावकऱ्यांना पचत नाही, हे सत्य बोलून दाखवले. आरक्षण दर खेपेला सोडतीने फिरते, त्यामुळे पाच वर्षांत काम शिकलेल्या बाईच्या पायाखालची जागाच जाते. आणि पंचायतीच्या वर तर दारच अरुंद आहे. २०२४च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ स्त्रिया, त्याच वर्षीच्या महाराष्ट्र विधानसभेत २८८ मध्ये पंचवीसही नाहीत. २०२३ची एकशे सहावी घटनादुरुस्ती मंजूर झाली ती जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून.

शेवटचा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे, आणि तो अनेक स्त्रियाही घेतात. घर म्हणजे परस्परांवरचा विश्वास. तिथे प्रत्येकाचा वेगळा हिशेब आणला तर घर मोडेल. याला उत्तर गोव्यात मिळते. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या तिथल्या नागरी संहितेत, वेगळा करार नसेल तर लग्नानंतर मालमत्ता पतिपत्नींची सामाईक होते, निम्मा हिस्सा पत्नीचा, आणि तिच्या संमतीशिवाय घर-जमीन विकता येत नाही. मुलींना वारसा आहे, आणि वडिलांना मृत्युपत्राने निम्म्याहून अधिक मालमत्ता वळवता येत नाही. गोव्यातली घरे यामुळे मोडली असे कोणी म्हणत नाही. ती संहिता निर्दोष नाही. जुन्या तरतुदींत सामाईक मालमत्तेचा कारभार पतीकडेच होता. आणि २०२२च्या गोवा विधानसभेत चाळीसपैकी तीनच स्त्रिया निवडून आल्या, म्हणजे मालमत्तेचा नियम सुधारल्याने पक्षांची तिकिटे आपोआप मिळत नाहीत. प्रत्येक संस्थेचा दरवाजा स्वतंत्रपणे उघडावा लागतो. पण दोन नावांनी घर मोडत नाही, एवढे गोव्याने दाखवले आहे. उलट एकाच नावावर सगळे असण्याचा भार पुरुषावरही पडतो. सावकाराचा तगादा, बँकेची नोटीस आणि कर्ता म्हणून आलेले अपयश तो एकटाच झेलतो, आणि त्याच्या मृत्यूनंतर विधवेच्या हाती अनेकदा काहीच लागत नाही.

म्हणून सुधारणांचा क्रम मला असा दिसतो. उतारा, जॉबकार्ड, हजेरीपट, पात्रतेचे निकष, वारसाचे कलम यांतले एकक आधी व्यक्ती व्हावे. प्रबोधन चालू राहीलच, ते थांबवण्याचे कारण नाही. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातील ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख केले, १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात महाराष्ट्राने आईचे नाव आणले. रकाने बदलता येतात आणि त्याने आभाळ कोसळत नाही. पण हे बदल जिथे पैसा आणि जमीन नाही तिथे लवकर झाले, जिथे आहे तिथे रखडले. हिंदू वारसा कायद्याचे पंधरावे कलम बदलावे अशी शिफारस विधी आयोगाने २००८ मध्ये केली, ती तशीच पडून आहे. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोड कामगारांच्या संघटना आणि साखर संघ यांच्यात करार होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. संघटनांनी ती लढून मिळवली. कोयता मात्र जोडीचाच राहिला. पुढच्या कराराला बसणाऱ्या संघटनांच्या नेत्यांना, कारखान्यांच्या संचालकांना आणि कामगार खात्याला माझे सांगणे एवढेच आहे: टनाचा दर ठरवण्याआधी प्रत्येक फडावरच्या हजेरीत बाईचे नाव स्वतंत्र लिहा, आणि तिची मजुरी तिच्या खात्यात जमा करा.